मेलट्टूरची रात्र आणि तंजावरचा दिवस

१

विद्यापीठातील एखादा साहित्यविभाग जेव्हा नाट्यमहोत्सवासाठी अभ्यासकांचा लहानसा गट पाठवितो, तेव्हा त्या गटाचे कार्यक्रमपत्रक बहुधा दोन रकान्यांत आखलेले असते. एका रकान्यात नाटकांची नावे आणि प्रयोगांच्या वेळा; दुसऱ्यात ‘स्थलदर्शन’. पहिला रकाना अभ्यासाचा आणि दुसरा विरंगुळ्याचा, असा एक अलिखित समज त्यामागे असतो. परत आल्यावर अहवाल लिहिताना पहिल्या रकान्याचे सविस्तर समर्थन केले जाते. दुसऱ्याविषयी मात्र थोड्या संकोचाने, ‘उरलेल्या वेळात’ अशा शब्दांत एखादे वाक्य लिहून प्रकरण मिटविले जाते. खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली, की पहिली कात्री या दुसऱ्या रकान्यावरच चालते.

हा भेद ज्या अनुभवातून आला, तो चार भिंतींच्या नाट्यगृहाचा अनुभव आहे. बाहेरचे शहर बाहेर ठेवणे ही त्या नाट्यगृहाच्या रचनेतील पहिली अट. तेथील प्रयोग पुण्यात पाहिला काय किंवा दिल्लीत पाहिला काय, त्याच्या अर्थात फार मोठा फरक पडू नये अशी अपेक्षा असते. अर्थात युरोपातही हा नियम सरसकट लागू पडत नाही. फ्रान्समधील आविन्यों येथील महोत्सव १९४७ मध्ये सुरू झाला तो तेथील पोपच्या जुन्या राजवाड्याच्या अंगणात, आणि त्या भिंतींनी त्या महोत्सवाला घडविले. भारतातील कितीतरी नाट्यपरंपरा तर एका देवळाशी, एका रस्त्याशी, पंचांगातील एका तिथीशी आणि पूर्वजांना मिळालेल्या जमिनीशी बांधलेल्या आहेत. तेथे प्रयोगाच्या बाहेरचे म्हणून जे समजले जाते, ते पुष्कळदा संहितेचेच एखादे पान असते.

म्हणूनच अशा सहलीतील स्थलदर्शनाचा वेळ हा विरंगुळ्याचा वेळ नव्हे. तो संहितेच्या वाचनाचाच वेळ आहे, असे प्रतिपादन करण्याची गरज आहे. हे विधान हवेत राहू नये यासाठी एकच उदाहरण थोड्या विस्ताराने पाहणे इष्ट ठरेल. ते उदाहरण तंजावर जिल्ह्यातील मेलट्टूर या गावच्या भागवतमेळ्याचे. मराठीच्या अभ्यासकाला ते विशेष महत्त्वाचे आहे. कारण तेथील नाटकाची भाषा तेलुगु, प्रेक्षकांची भाषा तमिळ, आणि ती नाटके ज्या काळात लिहिली गेली त्या काळातील राज्यकर्ते मराठी होते.

२

मेलट्टूर हे तंजावरपासून सुमारे १८ किलोमीटरवर, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेले खेडे. तंजावरच्या अच्युतप्पा नायक राजाने सोळाव्या शतकात तेलुगु प्रदेशातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांना येथे घरे आणि जमिनी दिल्या, असे परंपरा सांगते. गावाचे अच्युतपुरम् हे जुने नाव त्याचीच आठवण म्हणून सांगितले जाते. येथील नाटककार मेलट्टूर वेंकटराम शास्त्री. त्यांचा काळ तंजावरच्या मराठी राजवटीत पडतो. प्रह्लादचरित्र, उषापरिणय, हरिश्चंद्र, मार्कंडेय, रुक्मांगद अशी त्यांची नाटके तेलुगुत आहेत, आणि नृसिंह जयंतीच्या सुमारास, म्हणजे वैशाख शुद्ध चतुर्दशीच्या मागेपुढे, काही रात्री ती सादर केली जातात. जयंतीच्या रात्रीचा मान प्रह्लादचरित्राचा.

प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. देवळासमोरच्या रस्त्यावर मांडव असतो आणि रंगपीठाचे तोंड देवाकडे असते. उत्सवमूर्ती समोर आणून ठेवलेली असते. म्हणजे पहिला प्रेक्षक देव. माणसांनी त्याच्या आजूबाजूला बसायचे. स्त्रियांच्या भूमिकांसह सर्व भूमिका पुरुषच करतात. आरंभी कोणंगी नावाचा विदूषक नाचत येतो. पुढे गजमुखाचा मुखवटा घातलेला एक लहान मुलगा गणपती होऊन येतो. त्यानंतर एकेक पात्र आपापल्या प्रवेश-दरूवर, म्हणजे त्याच्या प्रवेशासाठी रचलेल्या गीतावर, नृत्य करीत रंगपीठावर येते. प्रवेश करणे हीच येथे एक घटना असते. पात्र आले, एवढे सांगायला चारचौघांच्या नाटकात एक क्षण पुरतो; येथे तेवढ्यासाठी बराच वेळ दिलेला असतो आणि प्रेक्षक तो आनंदाने देतात.

मराठी प्रेक्षकाला या रात्री पहिला धक्का बसतो तो एका नावाचा. प्रह्लादाची आई त्याला कयाधू म्हणून ठाऊक असते. मेलट्टूरच्या रंगपीठावर येते ती लीलावती. तेलुगु परंपरेत तिचे नाव तेच आहे. नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये सापडलेल्या या बाईची भूमिका येथे नटाच्या कसोटीची मानली जाते. तौलनिक साहित्याच्या वर्गात ‘एकाच कथेची प्रांतोप्रांतीची रूपे’ असा विषय शिकविला जातो. पण पहाटे दोनच्या सुमारास लीलावतीच्या तोंडची विनवणी ऐकताना तो विषय पाठ्यक्रमातून उठून समोर उभा राहतो.

पहाटे नृसिंहाचा प्रवेश होतो. त्याचा मुखवटा हा रंगभूषेच्या पेटीतला मुखवटा नव्हे. तो पूजेतला असतो. तो धारण करणारा नट त्या दिवशी उपवास करतो. मुखवटा चढविल्यावर अवतीभवतीच्या माणसांना त्या नटाला आवरून धरावे लागते. हिरण्यकशिपूच्या वधाचे हुबेहूब चित्रण करणे हा येथे उद्देशच नसतो. नाटक ज्या क्षणी पूजेत मिसळते, तो क्षण गाठणे हा उद्देश असतो. ओडिशाच्या गंजाम भागातील प्रह्लादनाटकातही नृसिंहाचा मुखवटा पूज्य मानला जातो, हे येथे आठवावे.

एवढे सगळे रात्र दाखविते. परंतु काही गोष्टी रात्र दाखवीत नाही. ही नाटके तमिळ मुलखात तेलुगुत का लिहिली गेली? मराठी राजे असताना ती मराठीत का नाहीत? आणि या रंगपीठावर कोण नाही? या प्रश्नांची उत्तरे मांडवाखाली मिळत नाहीत. ती दिवसा, गावात आणि तंजावरात हिंडताना मिळू लागतात.

३

वैशाखातील तंजावर हे हिंडण्याच्या दृष्टीने सुखाचे नव्हे. ऊन कडक असते. मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून त्रिभुज प्रदेशाच्या शेतीसाठी धरणाचे पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून ही आहे. साहजिकच मे महिन्यात नदीच्या पात्रात वाळूच अधिक दिसते. पर्यटनाच्या पुस्तिकेतील हिरवीगार कावेरी शोधणाऱ्याची येथे निराशा होते. पण अभ्यासकाने या वाळूकडेही लक्षपूर्वक पाहावे. पाणी येण्यापूर्वीचे हे दिवस नांगर थांबलेला असतानाचे आहेत. कोकणातला दशावतार पावसाळा आणि भातकापणी उलगडल्यानंतरच्या जत्रांतून उभा राहतो; मेलट्टूरचा मेळा पाणी येण्याच्या आधी. तिथी देवाची असली, तरी रात्रभर जागण्याची मोकळीक शेतीच्या कॅलेंडरकडून मिळते.

तंजावरात पहिली भेट अर्थातच बृहदीश्वराची. राजराज चोळाने हे देऊळ १०१० मध्ये पूर्ण केले. सर्वसामान्य प्रवासी उंच विमानाकडे पाहून परततो. नाटकाचा अभ्यासक भिंती वाचायला थांबला, तर त्याला निराळेच देऊळ दिसते. देवळाच्या सेवेसाठी निरनिराळ्या देवळांतून आणलेल्या ४०० स्त्रियांची नोंद तेथील लेखात आहे. त्यांची नावे आहेत, त्यांना दिलेल्या घरांच्या ओळी आहेत. वरच्या मजल्यावरील प्रदक्षिणामार्गात नाट्यशास्त्रातील १०८ करणांपैकी ८१ करणांची शिल्पे कोरलेली आहेत आणि उरलेल्यांसाठी दगड तसेच कोरे राहिलेले आहेत. अकराव्या शतकातील आणखी एका लेखात राजराजेश्वर नाटकाच्या प्रयोगासाठी नटाला धान्य देण्याची व्यवस्था आहे. नाटक, देऊळ आणि धान्य यांचे नाते मेलट्टूरला सुरू झालेले नाही; ते दगडात आधीच लिहिलेले आहे.

त्याच देवळाच्या आवारातील भिंतीवर मराठी वाचकाला आपली भाषा भेटते. सरफोजी दुसरा या राजाने १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास तेथे मराठीत कोरवून घेतला. चोळांच्या तमिळ लेखांच्या शेजारी हा दीर्घ मराठी लेख आहे. महाराष्ट्रातून आलेला प्रवासी येथे बहुधा भारावून जातो आणि छायाचित्र काढतो. त्याने भारावून जावे. पण तेवढ्यावर थांबू नये. कारण याच राजाच्या काळात याच देवळाशी जोडलेले एक नाट्यही होते. सरभेंद्र भूपाल कुरवंजी हे त्याचे नाव. विषय सरफोजी राजाचाच, पण भाषा तमिळ, आणि नाचणाऱ्या स्त्रिया देवळाच्या सेवेतील. उलट स्वतः राजाच्या नावावर असलेली देवेंद्र कुरवंजी मराठीत आहे. तीत कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार घेऊन भविष्य सांगणाऱ्या कुरत्तीच्या तोंडून जगाचा भूगोल वदविला आहे. राजाची स्तुती तमिळमध्ये, युरोपीय भूगोलाची ओळख मराठीत, आणि दोन्हींचा साचा एकच. भाषेच्या सीमेवर साहित्यप्रकार कसे वागतात, याचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

राजवाड्यात नायकांनी उभारलेले आणि मराठ्यांनी वाढविलेले भाग एकमेकांत मिसळून गेले आहेत. तेथे दरबार पाहावा, संगीतमहाल पाहावा. पण अधिक वेळ सरस्वती महाल ग्रंथालयाला द्यावा. नायकांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजी दुसऱ्याने जिव्हाळ्याने वाढविला. संस्कृत, तमिळ, तेलुगु आणि मराठी हस्तलिखिते येथे एका छपराखाली आहेत. मोडीतील कागदपत्रेही मोठ्या प्रमाणात आहेत. एकोजीचा मुलगा शहाजी, ज्याची कारकीर्द १६८४ ते १७१२ अशी होती, त्याच्या नावावरील नाटके येथेच जपली गेली. त्याची पुष्कळ नाटके तेलुगुत आहेत. काही मराठीत आहेत. लक्ष्मीनारायण कल्याण हे त्यांतील प्रसिद्ध. आणि पंचभाषाविलास या नाटकात तर पात्रे संस्कृत, तमिळ, तेलुगु, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत बोलतात.

येथे रात्रीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. तंजावरात भाषा ही राजाच्या वंशावरून ठरत नव्हती. ती साहित्यप्रकारावरून आणि प्रसंगावरून ठरत होती. नायकांच्या दरबारात रघुनाथ नायक आणि विजयराघव नायक यांच्या काळी तेलुगु ही काव्याची व नाटकाची प्रतिष्ठित भाषा झाली होती. मराठी राजांनी ती प्रतिष्ठा मोडली नाही, उलट स्वतः त्या भाषेत लिहिले. वेंकटराम शास्त्र्यांनी तेलुगुत लिहावे यात मग नवल उरत नाही. नवल वाटते ते एक प्रांत म्हणजे एक भाषा आणि एक भाषा म्हणजे एक साहित्य, असे गृहीत धरून बसलेल्या अभ्यासकाला.

तंजावरपासून सुमारे १३ किलोमीटरवरील तिरुवैयारू येथे त्यागराजांची (१७६७–१८४७) समाधी आहे. तेथे जाणारे बहुतेक जण संगीताच्या भक्तीने जातात. मेलट्टूरला जाऊन आलेल्या गटाला मात्र तेथे आणखी एक गोष्ट आठवावी. त्यागराजांनीही प्रह्लादावर तेलुगुत ‘प्रह्लाद भक्तिविजय’ हे गेय नाटक रचले. तंजावरच्या एकाच परिसरात प्रह्लाद एकदा मुखवट्याच्या रंगपीठावर येतो आणि एकदा एका भक्ताच्या एकांतातील गाण्यात. एका कथेची दोन रूपे अर्ध्या दिवसाच्या अंतरावर पाहायला मिळावीत, ही सोय कोणत्याही ग्रंथालयाला देता येणार नाही.

४

आता मराठी नाटकाच्या इतिहासाकडे वळावे. ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. कारण विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग सांगलीस १८४३ मध्ये केला. दुसरीकडे, तंजावरची मराठी नाटके त्याआधी दीडशे वर्षे लिहिली गेली होती, असे सांगणारा पक्ष आहे. या दोन पक्षांत वेळोवेळी वाद झालेला आहे, आणि तो वाद बहुधा ‘पहिले कोण’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. एका बाजूचे म्हणणे असे, की तंजावरच्या नाटकांचा महाराष्ट्रातील रंगभूमीशी संबंध दाखविता येत नाही. म्हणून ती इतिहासात प्रस्तावनेपुरतीच असावीत. दुसऱ्या बाजूला ती मराठीचा दूरदेशीचा विजय म्हणून मिरवावीशी वाटतात.

मेलट्टूरची एक रात्र या वादाचा पायाच हलविते. भाव्यांच्या नाटकाचा आरंभ आठवावा: सूत्रधाराचे मंगलाचरण, वनचराच्या वेषातील विदूषकाचे आगमन, मग गणपती, मग सरस्वती. कोणंगी आणि गजमुखाचा मुलगा मेलट्टूरच्या मांडवात येतात, तेव्हा मराठी अभ्यासकाला हा क्रम ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. तंजावरहून सांगलीला काही आले, असा याचा अर्थ नव्हे. भाव्यांना प्रेरणा मिळाली ती कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींच्या खेळातून, हे सर्वश्रुत आहे. अर्थ एवढाच, की कर्नाटक, आंध्र, तंजावर आणि कोकण या विस्तृत पट्ट्यात भागवत नावाचे एक नाट्यरूप भाषा बदलीत फिरत होते, आणि मराठी रंगभूमी त्या प्रवाहाच्या काठावर जन्मली. ‘पहिले कोण’ हा प्रश्न प्रवाहाला विचारता येत नाही. ‘काय फिरले आणि ते कोणी फिरविले’ हा प्रश्न विचारता येतो.

हा प्रवाह एकाच दिशेने वाहत नव्हता, याचा पुरावाही तंजावरातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकरांसारख्या मराठी कीर्तनकारांचे कीर्तन तंजावरात रुजले, आणि तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्या पद्धतीवरून तमिळ हरिकथेची घडण केली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी छंदांची नावे तमिळ हरिकथेत आजही त्याच नावांनी ओळखली जातात. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ नाटकात १८८० मध्ये साकी आणि दिंडी गाजत होत्या. त्याच सुमारास तंजावरात त्याच साकी-दिंडी तमिळ शब्द धारण करीत होत्या. मराठी नाट्यसंगीताच्या इतिहासात ही गोष्ट शिकविली जाते काय? बहुधा नाही, कारण ती मराठी विभागाच्या हद्दीबाहेर घडते. आणि तमिळ विभागात ती संगीताची गोष्ट समजून सोडून दिली जाते.

भारतीय साहित्याच्या अभ्यासातील खरी अडचण ती हीच. मेलट्टूरचे नाटक तेलुगु साहित्याच्या इतिहासात दूरचे म्हणून कोपऱ्यात जाते, तमिळ साहित्याच्या इतिहासात परभाषेतले म्हणून वगळले जाते, आणि मराठीत ते राजाश्रयाच्या तळटीपेपुरते उरते. तीन भाषांच्या मध्ये उभे असलेले नाटक तिन्ही घरांना परके. त्याचे घर शोधायचे, तर ते भाषेत नाही, जागेत आहे. म्हणून ती जागा पाहिल्याशिवाय तो अभ्यास पुरा होत नाही.

५

या प्रतिपादनावर काही आक्षेप सहज घेता येतील, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नव्हे.

पहिला आक्षेप खर्चाचा आणि सोयीचा. आज प्रयोगांची चित्रमुद्रणे उपलब्ध आहेत. अशा मंडळींना महानगरांतील महोत्सवांत बोलाविलेही जाते. मग खेड्यात कशाला जायचे? याचे उत्तर असे, की महानगरातील प्रयोगात नाटकाचे तोंड माणसांकडे वळते. रात्रभराचे नाटक दोन तासांत बसविले जाते आणि कापले जाते ते बहुधा प्रवेशाचे संथपण, म्हणजे नेमका तोच भाग, ज्यात या परंपरेचे काव्य आहे. चित्रमुद्रण हे निःसंशय उपयुक्त आहे; पण ते जाण्याआधी पाहावे आणि आल्यानंतर पुन्हा पाहावे. जाण्याऐवजी पाहू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मेलट्टूरची परंपरा ब्राह्मण पुरुषांची आहे. तिचे कौतुक करताना तिच्या मर्यादांकडे डोळेझाक होते, असे कोणी म्हटले तर ते नाकारता येणार नाही. किंबहुना स्थलदर्शनाच्या बाजूने करावयाचा सर्वांत बळकट युक्तिवाद याच आक्षेपातून निघतो. मेलट्टूरचा मेळा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवळजवळ खंडित झाला होता. गावातील जाणत्यांच्या आणि ई. कृष्ण अय्यर यांच्यासारख्या बाहेरच्या कलाप्रेमींच्या प्रयत्नांनी तो पुन्हा उभा राहिला. त्याच शतकात बृहदीश्वरातील कुरवंजीची प्रथा बंद पडली. देवदासी म्हणून मुलींना अर्पण करण्यास मनाई करणारा मद्रास प्रांताचा कायदा १९४७ चा. त्या कायद्याचे कारण न्याय्य होते, यात शंका नाही. परंतु त्या स्त्रियांजवळचे नाट्य आणि संगीत जपण्याची व्यवस्था त्याबरोबर झाली नाही. ज्यांच्या नावांच्या ओळी दगडात आहेत, त्यांच्या वारसांचे रंगपीठ आज नाही, पुरुषांचे आहे. महोत्सव जे उरले ते दाखवितो. जे उरले नाही ते पाहायचे, तर दिवसा देवळाच्या भिंतीसमोर उभे राहावे लागते. केवळ रात्रीचा प्रयोग पाहून परतणारा अभ्यासक परंपरेचा अर्धाच भाग घेऊन जातो, आणि तोही विजेत्यांचा.

तिसरा आक्षेप मराठी मनाविषयीचा. तंजावरला जाणारा मराठी गट अभ्यासासाठी निघतो आणि अभिमानयात्रा करून परततो, असे पुष्कळदा घडते. राजवाड्यात भोसल्यांची चित्रे, भिंतीवर मराठी लेख, बाजारात तंजावरी मराठी बोलणारे एखादे वृद्ध गृहस्थ, एवढ्याने मन भरून येते. ते स्वाभाविक आहे. पण तंजावरच्या मराठी राजांचे मोठेपण त्यांनी मराठी तेथे नेली यात जेवढे आहे, त्याहून अधिक त्यांनी तेलुगु आणि तमिळ आपल्या दरबारात सन्मानाने नांदविली यात आहे. मराठी असण्याची ती एक निराळी रीत होती. तिचा अभिमान बाळगायचा, तर त्या रीतीचे अनुकरण करावे लागेल. निदान एखादी दक्षिणी भाषा शिकण्यापासून आरंभ करावा लागेल. मराठी विभागांत तेलुगु वा तमिळ शिकविण्याची सोय किती ठिकाणी आहे, हा प्रश्न येथे नुसता विचारून ठेवला तरी पुरे.

६

अशा सहलीसाठी गट लहान असावा. आठ-दहा माणसांचा गट गावाला पाहुण्यांसारखा वाटतो. चाळीस माणसांची बस आली की गाव प्रदर्शन होते. लहान गट एखाद्या घराच्या ओट्यावर बसू शकतो, नटाच्या गुरूशी सकाळी दोन शब्द बोलू शकतो, मांडवात गावकऱ्यांच्या मध्ये विखरून बसू शकतो. मोठ्या गटाला मार्गदर्शक लागतो, आणि मार्गदर्शक आला की प्रश्न थांबतात. लहान गटात भिन्न भाषांचे अभ्यासक असावेत: एक तेलुगु जाणणारा, एक तमिळ जाणणारा, एखादा मोडी वाचणारा, एखादा संगीताचा जाणकार. एकमेकांना आधार देत त्यांनी ती रात्र वाचावी.

गटाने उत्सवाच्या निदान दोन दिवस आधी पोहोचावे आणि एक दिवस नंतर थांबावे. आधीचे दिवस बृहदीश्वर आणि ग्रंथालय यांसाठी. हस्तलिखिते पाहायची असतील, तर परवानगीचा पत्रव्यवहार कितीतरी आधी करावा. वैशाखाच्या उन्हात सकाळचे काही तास आणि संध्याकाळ एवढीच हिंडण्याची वेळ. दुपारी संहिता वाचावी. रात्रीच्या प्रयोगानंतर तिरुवैयारूला जावे, म्हणजे प्रह्लादाचे दुसरे रूप ताज्या कानांनी ऐकता येईल. मांडवात छायाचित्रे कोणी व केव्हा काढावीत, हे गावाला आधी विचारावे. आणि मुखवट्याच्या वेळी यंत्रे खाली ठेवावीत, हे विचारल्याशिवायही समजावे.

नंतरचा एक दिवस थांबण्याचे कारण असे. भागवतमेळ्यातील बरेचसे नट आज मेलट्टूरला राहत नाहीत. चेन्नई, बंगळूर अशा शहरांत त्यांच्या नोकऱ्या आहेत. उत्सवासाठी रजा काढून ते गावी येतात, पूर्वजांच्या भूमिका करतात आणि पुन्हा कामावर रुजू होतात. जमिनीच्या आधारावर उभी राहिलेली ही परंपरा आज रजेच्या अर्जावर टिकून आहे. लीलावतीची भूमिका केलेला नट दुसऱ्या दिवशी हातात पिशवी घेऊन गाडीकडे निघतो, तेव्हा परंपरा या शब्दाची किंमत अभ्यासकाला कळते. तोपर्यंत गट निघून गेलेला असेल, तर ती कळणार नाही.

विद्यापीठांनी करावयाची गोष्ट तशी किरकोळच आहे. कार्यक्रमपत्रकातील दोन रकान्यांमधली रेघ पुसून टाकावी. अहवालात ‘उरलेल्या वेळात’ हे शब्द लिहू नयेत. आणि देऊळ, ग्रंथालय, कोरडी नदी व मांडव यांची टिपणे एकाच वहीत, एकाखाली एक, लिहायला विद्यार्थ्यांना शिकवावे. भारतीय साहित्याचा जो इतिहास भाषावार विभागांच्या कपाटांत मावत नाही, त्याचा आरंभ कदाचित अशा एखाद्या वहीतून होईल.